ओझरची धांवपट्टी कोणाची?

नाशिक शहराला आपलीं प्रवेशद्वारें गांवाबाहेर ठेवण्याची जणूं जुनीच संवय आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ १८६५ सालापर्यंत थळ घाट चढून वर आला; पण तो गोदाकांठच्या गांवांत शिरला नाहीं. पांच-सहा मैल अंतरावर, ज्या जागेला पुढें नाशिकरोड हें नांव पडलें, तेथूनच तो मनमाडकडे निघून गेला. रामकुंडावर स्नानाला येणाऱ्या यात्रेकरूनें गाडींतून उतरल्यावर टांगा किंवा बैलगाडी पाहावी आणि उरलेली वाट धुळींतून काढावी, असा क्रम कित्येक वर्षें चालला. हें अंतर तोडण्यासाठीं १८८९ च्या सुमारास एक अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली. आरंभीं ती घोडे ओढीत. मेन रोडवरून नाशिकरोडपर्यंत जाणारी ती ट्राम १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली आणि तिचे रूळहि उखडले गेले. या ट्रामचा सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा उद्योगी गृहस्थ होता. बार्शीची छोटी आगगाडी त्यानेंच बांधली. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत विलायतेंत त्यानें वैमानिकांसाठीं एक हवाई छत्री तयार केली, तिला त्यानें ‘गार्डियन एंजल’ असें नांव दिलें. नाशिकच्या ट्रामचा हा माणूस असा विमानापर्यंत जाऊन पोंचला. नाशिकला मात्र विमान यावयास अद्याप बराच अवकाश होता.

तें आलें तेंहि गांवांत आलें नाहीं. मुंबई-आग्रा रस्त्यानें ईशान्येकडे वीस-बावीस किलोमीटर गेल्यावर, निफाड तालुक्यांत, बाणगंगेच्या कांठीं ओझर हें गांव लागतें. नाशिकचा विमानतळ तेथें आहे. परंतु स्टेशन दूर असणें आणि विमानतळ दूर असणें या दोन गोष्टी एका जातीच्या नव्हेत. रेल्वे कंपनीचें स्टेशन गांवापासून दूर असलें, तरी उतारूंना नेणें-आणणें हाच तिचा धंदा होता. ओझरच्या धांवपट्टीचा मालक हा उतारूंचा धंदा करणारा नव्हे. तो लढाऊ विमानें बांधणारा कारखानदार आहे. नाशिकच्या विमानतळाचा विस्तार कधीं आणि कितपत होणार, हा प्रश्न नाशकांत गेलीं पुष्कळ वर्षें चर्चिला जात आहे. त्याचें उत्तर शोधूं जातां प्रथम या मालकाचाच इतिहास पाहावा लागतो. आणि तो इतिहास म्हणजे एकामागून एक झालेल्या खरेदी-विक्रीचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ एका सोलापूरकरापासून होतो. शेठ वालचंद हिराचंद हे नांव नाशिक जिल्ह्याला अपरिचित नाहीं. मालेगांव तालुक्यांतील रावळगांवच्या माळावर ऊंस पिकवून साखरेचा कारखाना उभारणारे ते हेच. १९३९ सालीं विमानानें प्रवास करीत असतां त्यांची विल्यम पॉली नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. हे पॉली चीनमध्यें विमानांची जुळणी करणारा कारखाना चालवीत होते. हिंदुस्थानांत मोटार होत नव्हती, आगबोट होत नव्हती, आणि हा व्यापारी विमान करावयाचें म्हणूं लागला. तेव्हां पुष्कळांनीं त्याची थट्टा केली असली तर तें स्वाभाविकच होतें. परंतु वालचंदांनीं म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशीं बोलणें लावलें, संस्थानानें जमीन दिली, भांडवलांतहि वाटा उचलला, आणि डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. पुढच्याच वर्षीं हिंदुस्थान सरकार तिचें भागीदार झालें. १९४१ च्या अखेरीस जपान युद्धांत उतरला. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें. आणि एप्रिल १९४२ मध्यें सरकारनें वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. युद्धकाळीं असा कारखाना व्यापाऱ्याच्या हातीं राहूं देणें सरकारला परवडणारें नव्हतें, हें खरें. पण ज्यानें रोप लावलें त्याच्या हातून तें दीड वर्षाच्या आंत गेलें, हेंहि तितकेंच खरें. ओझरच्या मालकाची ही पहिली विक्री. ती झाली तेव्हां ओझरला शेतें होतीं आणि धांवपट्टीचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें.

दुसरा अंक वीस वर्षांनंतरचा. ऑगस्ट १९६२ मध्यें हिंदुस्थाननें सोव्हिएत रशियाशीं मिग-२१ जातीचीं विमानें घेण्याचा आणि तीं येथें बांधण्याचा करार केला. त्यानंतर दोन महिन्यांतच चीनचें आक्रमण झालें. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावें लागलें आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलावणें आलें. सह्याद्रि हिमालयाच्या मदतीला धांवला, हें वाक्य तेव्हांपासून महाराष्ट्रांत रूढ झालें. चव्हाण यांना लोकसभेंत जागा हवी होती. ती त्यांना १९६३ सालीं नाशिकनें दिली आणि तीहि बिनविरोध दिली. त्याच सुमारास मिगच्या कारखान्यांची जागा ठरली. विमानाचा सांगाडा नाशिकला, एंजिन ओरिसांतील कोरापुटला आणि विद्युत्-उपकरणें हैदराबादला, अशी त्रिस्थळी वांटणी झाली. संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार आणि कारखानाहि नाशिकला, या दोन गोष्टींची सांगड नाशिककर आपल्या मनाशीं घालतात आणि यशवंतरावांचें ऋण मानतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. तथापि किनाऱ्यापासून आंत, सह्याद्रीच्या आडोशाला, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर पसरलेलें कोरडें पठार, आणि मुंबई बंदराला जोडणारा चांगला रस्ता, हीहि ओझरची जमेची बाजू होतीच. या नव्या कारखान्यांसाठीं ऑगस्ट १९६३ मध्यें एक वेगळी सरकारी कंपनी काढण्यांत आली; १ ऑक्टोबर १९६४ रोजीं ती आणि वालचंदांनीं स्थापिलेली बंगळूरची कंपनी एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही संस्था निर्माण झाली. रावळगांवच्या उद्योगपतीचें विमानाचें स्वप्न अशा रीतीनें, तो स्वतः १९५३ सालीं निवर्तल्यानंतर अकरा वर्षांनीं, रावळगांवच्याच जिल्ह्यांत येऊन पोंचलें.

जमिनी अर्थातच शेतकऱ्यांच्या होत्या. १८९४ सालचा भूसंपादनाचा कायदा तेव्हां अंमलांत होता, आणि सार्वजनिक प्रयोजन हे दोन शब्द एकदां कागदावर उमटले म्हणजे शेतकऱ्यानें भावाबद्दल कुरकुर करण्यापलीकडे फारसें कांहीं करण्याजोगें उरत नसे. त्यांतच युद्ध नुकतेंच होऊन गेलेलें. देशाच्या रक्षणासाठीं जमीन मागितली गेली, ती दिली गेली. ती घेतांना कोणीहि शेतकऱ्याला असें सांगितलें नव्हतें कीं, येथें उद्यां दिल्ली-बंगळूरला जाणाऱ्या उतारूंसाठीं दालन होईल आणि मालाचीं विमानें उतरतील. हा मुद्दा किरकोळ वाटेल. पण विस्ताराच्या प्रश्नांत तो पुनःपुन्हां डोकें वर काढतो. पुढें या कुंपणाभोंवतालचा निफाड-दिंडोरीचा मुलूख द्राक्षांनीं बहरला, वाघाड धरणाचें पाणी शेतकऱ्यांनीं स्वतःच्या पाणीवापर संस्था काढून वांटून घेतलें, आणि एके काळची साधी बाजरी-ज्वारीची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. १८९४ चा कायदाहि गेला. त्याच्या जागीं १ जानेवारी २०१४ पासून जो नवा कायदा आला, त्यांत ग्रामीण भागांत बाजारभावाच्या कितीतरी पट मोबदला आणि पुनर्वसनाची तरतूद आहे. म्हणून कुंपणाच्या आंतली जागा आणि कुंपणाबाहेरची जागा यांत आतां जमीन-अस्मानाचें अंतर पडलें आहे.

धांवपट्टी बांधली गेली ती मिगच्या मापानें. मिग-२१ हें विमान त्रिकोणी पंखांचें, आंखूड, आकाशांत अत्यंत चपळ. परंतु जमिनीला टेंकतांना त्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरच्या आसपास असावयाचा. त्याला थांबवावयास मागें छत्री उघडावी लागे, आणि तरीहि पुढें पुष्कळ मोकळी जागा ठेवावी लागे. म्हणून ओझरची धांवपट्टी सुमारें ३,००० मीटर लांबीची झाली. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शंभर-दीडशें उतारूंचें विमान याहून बऱ्याच कमी लांबींत सुखानें उतरतें. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुरू झालेल्या शिर्डीच्या विमानतळाची धांवपट्टी २,५०० मीटरांची होती आणि तिच्यावर मोठीं प्रवासी विमानें बिनदिक्कत येऊं लागलीं. म्हणजे इतर गांवें जिच्यासाठीं वर्षानुवर्षें अर्ज करीत बसतात, ती वस्तु नाशिकला अर्धें शतक आधींच मिळालेली होती. पण ती नाशिकची नव्हती.

त्या धांवपट्टीवरून काय काय उडालें याची यादी लांब आहे. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून साडेसहाशेंच्या आसपास विमानें ओझरनें दिलीं. त्यांच्यामागून मिग-२७ आलीं, तीं १६५. त्यानंतर सुखोई-३०, हें दोन एंजिनांचें अजस्र विमान. डिसेंबर २००० च्या करारानें त्याच्या बांधणीचें काम ओझरला आलें. जवळच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्तीचा डेपो उभा राहिला. कारखान्याच्या वसाहतींत शाळा झाल्या, बाजार झाला, केरळपासून पंजाबपर्यंतच्या लोकांचीं बिऱ्हाडें झालीं. पंचक्रोशींतील माणसें या साऱ्याला एकाच शब्दानें ओळखूं लागलीं: मिग. नोकरी कोठें, तर मिगमध्यें. ज्या विमानावरून हें नांव पडलें, त्या मिग-२१ ला हवाई दलानें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें निरोप दिला. ओझरचें नांव मात्र बदललें नाहीं.

येथपर्यंत उतारूंचा संबंध कोठेंच आला नाहीं. नाशिकचा उतारू इतकीं वर्षें मुंबईला जाऊन विमान धरी, आणि सांताक्रूझला पोंचेपर्यंत त्याचा अर्धा दिवस कसाऱ्याच्या घाटांत जाई. शहरालगत गांधीनगरला एक छोटा विमानतळ आहे. पण तोहि लष्कराच्या वहिवाटींतला, आणि २००३ पासून तेथें सैन्याच्या वैमानिकांची शाळा आहे. औद्योगिक वसाहती वाढल्या, सातपूर-अंबडचे कारखानदार रोज मुंबई-पुण्याशीं व्यवहार करूं लागले, तेव्हां ओझरच्या धांवपट्टीकडे शहराची नजर वळली. मग एक तोडगा निघाला. धांवपट्टी कारखान्याची, इमारत राज्याची. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानें, छगन भुजबळ हे त्या खात्याचे मंत्री असतां, सुमारें ८४ कोटि रुपये खर्चून प्रवाशांसाठीं एक प्रशस्त इमारत उभी केली. ३ मार्च २०१४ रोजीं तिचें उद्घाटन झालें. काचेच्या भिंती, उंच छत, सामानाचे सरकते पट्टे, सारें कांहीं होतें. फक्त विमान नव्हतें. एका छोट्या कंपनीनें मध्यंतरीं नऊ-दहा आसनांचें विमान पुण्याला नेऊन पाहिलें, पण तें टिकलें नाहीं. जवळजवळ पावणेचार वर्षें त्या इमारतीनें उतारूंची वाट पाहिली. घर बांधून झालें आणि मग पाहुणा कोण येणार याचा विचार सुरू झाला, असा हा प्रकार झाला. सरकारी खात्याला दोष देणें सोपें आहे. पण विमान-कंपनी येते ती धांवपट्टी आणि इमारत पाहून येत नाहीं. तिला उड्डाणाची पक्की वेळ लागते. आणि ओझरच्या आकाशांतील वेळ ही कारखान्याच्या चांचणी-उड्डाणांशीं जुळवून घ्यावी लागते, कारण तेथील हवाई नियंत्रणहि कारखान्याचेंच आहे.

पाहुणा आला तो केंद्र सरकारच्या अनुदानावर आला. ‘उडान’ या योजनेचीं पहिलीं विमानें २७ एप्रिल २०१७ रोजीं निघालीं आणि त्यांत सिमल्याच्या जोडीला आपलें नांदेडहि होतें. २३ डिसेंबर २०१७ रोजीं एअर डेक्कनचें, वीसहून कमी आसनांचें विमान ओझरहून मुंबई-पुण्याकडे जाऊं लागलें. जून २०१८ मध्यें जेट एअरवेजनें दिल्लीची सेवा सुरू केली. तिला उतारू चांगले मिळत होते, पण एप्रिल २०१९ मध्यें ती कंपनीच बुडाली. त्यानंतर अलायन्स एअरचीं विमानें आलीं, मग करोनाची सांथ आली आणि मार्च २०२० मध्यें साऱ्या देशाचें आकाश मोकळें झालें. या योजनेंतील अनुदान तीन वर्षांचें असतें. तें सरलें कीं कित्येक छोट्या कंपन्या आपलीं विमानें काढून घेतात, हा अनुभव ओझरलाहि आला. मार्च २०२३ पासून इंडिगोचीं विमानें नागपूर, गोवा आणि अहमदाबादला जाऊं लागलीं. तेव्हां कोठें नाशिकच्या उतारूला वेळापत्रकावर भरंवसा ठेवतां येऊं लागला. या अवधींत एक गोष्ट मात्र लक्षांत येण्यासारखी घडली. नोव्हेंबर २०२२ मध्यें धांवपट्टीच्या दुरुस्तीसाठीं विमानतळ सुमारें पंधरा दिवस बंद राहिला. दुरुस्ती आवश्यक होती, यांत शंका नाहीं. परंतु धांवपट्टी एकच, आणि ती दुसऱ्याची. तेव्हां त्या पंधरवड्यांत नाशिकनें शिर्डीचा किंवा मुंबईचा रस्ता धरण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

मालाच्या बाबतींत ओझरचा अनुभव थोडा मौजेचा आहे. विमानतळाला जोडून मालासाठीं जें केंद्र झालें, तें हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि रेल्वेच्या परिवारांतील कंटेनर महामंडळ यांनीं मिळून काढलें. नाशिकचीं द्राक्षें विमानानें युरोपला जातील, हें वाक्य विस्ताराच्या प्रत्येक भाषणांत ऐकूं येतें. वस्तुतः नाशिकचीं बहुतेक निर्यातक्षम द्राक्षें शीतपेटींत बसून न्हावाशेव्याला जातात आणि तेथून आगबोटीनें समुद्रमार्गें जातात. किलोमागें विमानाचें भाडें द्राक्षाला सोसत नाहीं. ओझरहून विमानांत बसून जें परदेशीं गेलें, तें म्हणजे शारजाला पाठविलेलीं जिवंत मेंढरें आणि शेळ्या. द्राक्षांचा प्रदेश म्हणून मिरविणाऱ्या मुलखांतून आखाती देशाकडे मेंढरांचें विमान भरून निघावें, याचा अर्थ एवढाच कीं बाजार आपली वाट आपण काढतो. भाषणांना विचारीत नाहीं.

आतां दुसऱ्या विक्रीकडे येऊं. विमानतळ विकला गेला, असें नाशकांत कोणी म्हणाल्यास लोक हंसतील. कारण ओझरची एक वीटहि लिलावांत निघाली नाहीं. तथापि मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे सुमारें दहा टक्के भाग बाजारांत विकले आणि सुमारें ४,२०० कोटि रुपये उभे केले. एका भागाचा भाव १,२१५ रुपयांच्या घरांत होता. त्या वेळीं सामान्य गुंतवणूकदारानें या विक्रीला फारसा प्रतिसाद दिला नाहीं. मोठा वांटा आयुर्विमा महामंडळानें उचलला, आणि शेअरबाजारांत पहिल्याच दिवशीं भाव विक्रीच्या किंमतीखालीं उतरला. ऑगस्ट २०२० मध्यें सरकारनें आणखी सुमारें पंधरा टक्के भाग १,००१ रुपये या आधारभावानें काढले. मार्च २०२३ मध्यें साडेतीन टक्के काढले, तेव्हां आधारभाव २,४५० रुपये झाला होता. या तीन विक्रींनंतर सरकारपाशीं ७१.६४ टक्के भाग राहिले. १९४२ सालीं सरकारनें व्यापाऱ्याकडून जें घेतलें, त्याचा चतुर्थांशाहून अधिक हिस्सा अशा रीतीनें पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनीं बाजाराकडे परत गेला. दलाल स्ट्रीटवर ज्यानें हा भाग घेतला, त्यानें न जाणतां ओझरच्या धांवपट्टीचाहि एक कण घेतला. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर ती धांवपट्टी आहे, त्याला मोबदला एकदांच मिळाला होता; भाव चढल्याचा लाभ त्याच्या वांट्याला येण्याचें कारण नव्हतें.

या विक्रीनें उतारूच्या दृष्टीनें काय बदललें, असें विचारल्यास उत्तर द्यावें लागेल कीं कांहीं नाहीं आणि पुष्कळ कांहीं. कांहीं नाहीं अशासाठीं कीं कारखान्याचें नियंत्रण सरकारकडेच राहिलें. पुष्कळ कांहीं अशासाठीं कीं कंपनीला आतां भागधारकांना दर तिमाहीस हिशेब द्यावा लागतो, आणि नफ्यातोट्याच्या हिशेबांत नाशिकच्या उतारूचें स्थान फार लहान आहे. लढाऊ विमानांच्या एकेका मागणीचा आंकडा हजारों कोटींचा. त्यापुढें उतरणावळीचें उत्पन्न तें केवढें!

हिंदुस्थान एरोनॉटिक्सला विमानतळाच्या धंद्याचा अनुभव नाहीं असें मात्र नव्हे. बंगळूर शहराचा विमानतळ म्हणून वर्षानुवर्षें वापरली गेली ती याच कंपनीची, वालचंदांच्या कारखान्याजवळची धांवपट्टी. मे २००८ मध्यें देवनहळ्ळी येथें खासगी भांडवलाचा नवा विमानतळ सुरू झाला आणि करारांतील अटीप्रमाणें जुन्या विमानतळावरील नित्याची प्रवासी वाहतूक थांबवावी लागली. शहराच्या कुशींतली तयार धांवपट्टी उतारूंना बंद झाली आणि उतारू तीस-चाळीस किलोमीटर दूर जाऊं लागले. तेथें करार इतका कडक होता कीं कंपनीची इच्छा असूनहि कांहीं करतां येईना. महाराष्ट्रांतला अनुभव याच्या उलट टोंकाचा. २००९ सालीं औद्योगिक विकास महामंडळानें नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पांच विमानतळ रिलायन्स समूहांतील एका कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. अपेक्षा अशी कीं खासगी हातांत गेल्यावर ते भरभराटीस येतील. तसें झालें नाहीं; आणि ते परत कसे घ्यावे, याची खल पुढें वर्षानुवर्षें सरकारदरबारीं चालला. नांदेडची विमानसेवाहि मध्यंतरीं कांहीं काळ खंडित झाली होती. ज्या गांवाचा विमानतळ तेथें मालक गांवाबाहेरचा असेल, तर करारांतील शब्द हेच त्या गांवाचें बळ. एवढें या दोन उदाहरणांवरून दिसतें. ओझरचा मालक तर बंगळुरांत आहे आणि त्याचा मोठा भागधारक दिल्लींत.

विस्ताराची वेळ आतां खरोखरच आली आहे, आणि ती दोन दिशांनीं आली आहे. पहिली दिशा कारखान्याची. सुखोईचें काम सरत आल्यावर पुढें काय, ही चिंता मिगच्या वसाहतींत कांहीं वर्षें घर करून होती. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्तें ओझरला तेजस विमानांच्या बांधणीची नवी मालिका सुरू झाली आणि नाशकांत बांधलेलें पहिलें तेजस मार्क-१ए त्याच दिवशीं आकाशांत गेलें. वर्षाला आठ विमानें देण्याची या मालिकेची शक्ति आहे. शिवाय वैमानिकांना शिकविण्यासाठीं लागणाऱ्या एचटीटी-४० विमानांची दुसरी मालिकाहि तेथेंच आली. १२ नव्या सुखोईंची मागणी डिसेंबर २०२४ मध्येंच नोंदली गेली होती. चांचणी-उड्डाणें वाढणार हें उघड आहे. आणि एकाच धांवपट्टीवर लढाऊ विमानें, दुरुस्ती डेपोचीं विमानें आणि उतारूंचीं विमानें यांची दाटी होणार हेंहि उघड आहे. २०२५ सालीं समांतर अशा दुसऱ्या धांवपट्टीचा बेत जाहीर झाला, त्याचें मूळ या दाटींत शोधावें.

दुसरी दिशा सिंहस्थाची. कुंभपर्वाचें ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजीं योजिलेलें, आणि मुख्य स्नानें २०२७ च्या पावसाळ्यांत. राज्य सरकारनें सिंहस्थाच्या तयारींत विमानतळाच्या इमारतीचा विस्तारहि घेतला. सिंहस्थाच्या नांवावर नाशिकला रस्ते, पूल, घाट मिळत आले आहेत. बारा वर्षांनीं एकदां सरकारची थैली उघडते आणि शहर त्या संधीची वाट पाहतें. परंतु गोदेवर येणारी गर्दी विमानानें येत नाहीं. ती आगगाडीनें, एस. टी. नें आणि पायीं येते. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशकांत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें गेलीं, तीं अरुंद वाटेनें गेलीं. तेव्हां विमानतळाचा विस्तार सिंहस्थासाठीं होत असला, तरी तो उपयोगीं पडेल तो सिंहस्थ उलगल्यानंतरच्या वर्षांत, आणि त्या वर्षांचा विचार करूनच तो व्हावयास हवा. जून २०२५ मध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईला जाण्यासाठीं विमान हवें, ही जुनी मागणी त्यामुळें निकालांत निघाल्यासारखीच आहे. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, कलकत्ता या लांबच्या शहरांशीं जोडणारीं सकाळ-संध्याकाळचीं विमानें ही खरी गरज, आणि ती इमारतीच्या लांबी-रुंदीनें भागणारी नव्हे.

याच ठिकाणीं २०१४ ची आठवण उपयोगीं पडते. तेव्हां राज्यानें इमारत बांधली आणि उड्डाणांच्या वेळा, भाडें, दुरुस्तीच्या काळांतील सोय हें सारें मागाहून पाहूं म्हणून ठेवलें. या वेळींहि इमारतीचा पैसा जनतेचा आणि धांवपट्टीचा मालक निराळा, ही स्थिति बदललेली नाहीं. गोमंतकांत दाबोळीची धांवपट्टी आरमाराची. तेथें प्रवासी वाहतूक इतकी वाढली, तरी कांहीं वेळा आरमाराच्या शिकाऊ वैमानिकांसाठीं राखून ठेवाव्या लागल्या, आणि अखेर मोपा येथें दुसरा विमानतळ बांधणें गोव्याला भाग पडलें. पुण्याच्या लोहगांवीं हवाई दल आणि प्रवासी यांची तीच ओढाताण चालत आली आहे. नाशिकला दुसरा विमानतळ बांधण्याइतका उतारूंचा लोंढा नाहीं, आणि कुंपणाबाहेर जमीन घ्यावयाची तर ती द्राक्षबागांची घ्यावी लागेल; नव्या कायद्याखालीं तिचा मोबदला देतां देतां धांवपट्टीचा खर्च किरकोळ वाटूं लागेल. म्हणून ओझरच्या कुंपणाआंतच नाशिकला आपली सोय लावून घेतली पाहिजे, आणि ती इमारतीची पायाभरणी होण्यापूर्वीं कागदावर लावून घेतली पाहिजे: रोज किती तास आकाश उतारूंना मोकळें, कोणत्या वेळीं, दुरुस्तीची सूचना किती दिवस आधीं, आणि कारखान्याचे भाग आणखी विकले गेले तर राज्यानें घातलेल्या पैशाचें काय.

हा शेवटचा मुद्दा काल्पनिक नव्हे. पांच वर्षांच्या काळांत तीन वेळां भाग विकले गेले, आणि प्रत्येक वेळीं कंपनीच्या मालमत्तेंत ओझर होतेंच. दुसरी धांवपट्टी झाल्यावर मात्र एक गोष्ट तरी निश्चित सुधारेल. एकीवर डांबर टाकीत असतां दुसरीवरून विमान जाऊं शकेल, आणि नोव्हेंबर २०२२ चा तो पंधरवडा नाशिकच्या उतारूला पुन्हां सोसावा लागणार नाहीं. अर्थात् उरलेल्या त्या एका धांवपट्टीवर प्रथम तेजस उडेल, मग सुखोई, आणि त्यांच्यामागून दिल्लीचें विमान.